चूक करू देणारा डबा

सोसायटीत तिला सगळे दरवाजावहिनी म्हणत. कारण शहरातल्या कितीतरी लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' हे वाक्य तिच्या आवाजात होतं. ती राहायची त्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. भाजीची पिशवी घेऊन ती तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायची, मध्ये दोनदा थांबायची, आणि वरून उतरणारा एखादा शेजारी हटकून म्हणायचा, "काय दरवाजावहिनी, मजला कितवा?"

ती हसायची. हसायला दम उरला असेल तर.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती एका दवाखान्यात टेलिफोनवर बसत असे. डॉक्टर आहेत, डॉक्टर नाहीत, थोडं थांबा. लिफ्टच्या कंपनीतला एक नवखा इंजिनिअर आपल्या वडिलांची वेळ घ्यायला तिथे फोन करायचा. एके दिवशी वेळ मिळाल्यावरही त्याने फोन ठेवला नाही. "ताई, तुम्ही मजले मोजून दाखवाल का?" असं त्याने विचारलं. तिला वाटलं, पोराचं डोकं फिरलंय. तरी तिने तळमजल्यापासून सुरुवात केली. तो इंजिनिअर आता टक्कल पडलेला साहेब झाला होता, अजून तिला ताई म्हणायचा, आणि इतक्या वर्षांत दोघं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा समोरासमोर आले होते.

रेकॉर्डिंग घरीच व्हायचं, झोपायच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात. नवऱ्याने त्यातल्या फळ्या काढून टाकल्या होत्या, आतून जुन्या रजया ठोकल्या होत्या, एक स्टूल ठेवलं होतं आणि छताला माइक टांगला होता. दार ओढून घेतलं की बाहेरचं सगळं रजयांच्या पलीकडे जायचं. आत तिचाच श्वास तिच्या तोंडावर परत यायचा. अशा अंधारात गुडघे जुळवून बसायचं आणि प्रसन्नपणे सांगायचं, दरवाजा उघडत आहे.

नवऱ्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं, पण त्यांच्या कानाची ख्याती उरली होती. नुसतं ऐकून कुठला भाग गेलाय ते सांगायचे. आवाज असा भारदस्त की फोनवर लोक आपोआप 'साहेब' म्हणायचे, आणि तेही ती चूक दुरुस्त करायचे नाहीत. कॉम्प्युटरमध्ये साऊंडकार्ड त्यांनीच बसवलं होतं. सुरुवातीला त्यातून टकटक असा आवाज यायचा. तेव्हा त्यांनी शक्कल लढवली. कार्डाला स्वतःच्या तालावर चालू न देता कपाटाबाहेरच्या सीडी प्लेअरच्या तालावर चालवायचं. एक वायर ओढली, टकटक थांबली. त्या दिवसापासून रेकॉर्डिंग असलं की सीडी प्लेअर चालू करायचा, त्यात सीडी नसली तरी. हिरवा दिवा लागला की ती आत जायची. वायरीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

आता गोष्ट अशी, की कुणाच्या घरी गेलं की लोक म्हणायचे, "बोलून दाखवा ना ते." ती बोलून दाखवायची. मग समोरच्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विझायचं. "हो, साधारण तसंच," असं कुणीतरी म्हणायचं. लहान मुलं तेवढंही सांभाळून घेत नसत. "ही नाहीये ती," असं एकीने आईचा हात ओढत सांगितलं होतं. लिफ्टमधली बाई चपळ होती, तरतरीत होती, नुकतीच अंघोळ करून आल्यासारखी. हिचा आवाज खाली बसलेला, सावकाश.

सुरुवातीला नवरा म्हणायचा, लिफ्टचा स्पीकर इवलासा असतो, त्यातून आवाज बारीकच येणार. पुढे पुढे ते म्हणायला लागले, "आवाज उतरलाय तुझा. खरा आवाज लिफ्टमध्ये राहिला." आणि त्यांचा कान कधी चुकत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही. म्हणून ती मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची, गार काही प्यायची नाही, दुकानात किंवा बँकेत मुद्दाम उंच सुरात बोलायची. गळा दुखायचा. एका अंधशाळेच्या ग्रंथालयातून विचारणा आली होती, आमच्यासाठी पुस्तकं वाचून द्याल का म्हणून. तिने नाही सांगितलं. आवाज गेलेल्या बाईने कसलं वाचायचं?

मग कार्ड जळालं. ती कपाटातच होती. आधी वास आला, मग बाहेरून नवऱ्याचा ओरडा. त्यांनी कार्ड काढून वर्तमानपत्रावर ठेवलं, उलटंसुलटं केलं. म्हणाले, "गेलं. असं आता मिळत नाही."

नेमकं तेव्हाच काम आलं होतं. मोठं रुग्णालय, नवी इमारत, तळघरातले दोन मजले, शस्त्रक्रिया विभाग, प्रसूती विभाग. आणि एक वाक्य नव्याने हवं होतं: 'लिफ्ट थांबली आहे. घाबरू नका. मदत येत आहे.'

"जुनं आहे की ते," ती फोनवर म्हणाली.

"आहे ताई, पण रुग्णालयवाल्यांनी ऐकून नको म्हटलं. घाई वाटते म्हणाले त्यात. आत अडकलेल्या माणसाला वाटतं, ही बाईच पळून चाललीय."

दोघं हसले. ती थोडी उशिरा हसली.

नवं कार्ड शोधत ती माइक-स्पीकरही विकणाऱ्या वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार गळ्यात चष्मा लटकवून बसलेला होता. त्याने विचारलं, "गाणं घ्यायचंय का बोलणं, वहिनी?"

"बोलणं."

"माणसं किती?"

"एकच. तीही कपाटात."

"मग सोपंय. कपाटाला भाडं नाही, वाद्यं नाहीत, नखरे नाहीत." त्याने दोन डबे काउंटरवर ठेवले, एक काळा, एक राखाडी. "आता साऊंडकार्ड आत बसवायचे दिवस गेले. असा डबा बाहेर ठेवायचा. काम तेच. माइकमधून आलेला आवाज हा काकडीसारखा चिरतो, सेकंदाचे हजारो काप. कॉम्प्युटरला काप कळतात, काकडी कळत नाही. सुरी चांगली, तर काप एकसारखे."

"यातली चांगली सुरी कुठली?"

"काळा. फार शहाणा आहे. सगळं स्वतःच ठरवतो, तुम्हाला चुकू देत नाही. राखाडी जुन्या वळणाचा. त्याच्या पाठीला वायरी लावायच्या जागा आहेत, ताल बाहेरून घ्यायचा असेल तर घ्या म्हणतो. वाईट नाही, पण भोळा."

"मला पूर्वीसारखा आवाज येईल असा द्या," ती म्हणाली.

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं. "डबा आवाज देत नाही हो. तुम्ही द्याल तेवढाच घेतो. असं करा, दोन्ही घेऊन जा. शनिवारपर्यंत एक ठेवा, एक परत आणा."

घरी नवऱ्याने दोन्ही डबे हातात घेऊन तोलले. "खेळणी आहेत ही," असं म्हणून त्यांनी काळा जोडून दिला आणि बाहेर जाऊन बसले. शिकवणी घ्यायचा कंटाळा आलेल्या मास्तरसारखे.

तिने वाक्यं घेतली आणि हेडफोन लावून ऐकली. काळ्या डब्यात तिचा श्वास ऐकू येत होता, शब्दाच्या आधीचा, आणि 'प्रसूती' म्हणताना जीभ दातांना टेकल्याची चाहूलही. आवाज ओळखीचा होता. थकलेला, पण कुणाला फसवत नसलेला. पुन्हा ऐकावासा वाटला. तिने पुन्हा ऐकला, आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना अशा घाईने फाइल पाठवून दिली.

संध्याकाळी इंजिनिअरचा फोन. "ताई, बरं नाहीये का?"

"का हो?"

"जाड येतोय आवाज. आणि संथ. आमच्याकडचे जुने तुकडे आहेत ना, 'मजला', 'कृपया', त्यांना हे जोडलं की एका लिफ्टमध्ये दोन बायका असल्यासारखं वाटतं. एक मुलगी, एक मुलीची आई."

राखाडी डब्यावर घेतलं. तेही तसंच आलं. नवऱ्याने दारातून ऐकलं आणि मान हलवली. "मी सांगत नव्हतो?" एवढंच म्हणाले. ती कपाटातून बाहेर आलीच नाही बराच वेळ. खरं तर आत करण्यासारखं काही नव्हतं. पण बाहेरही काय होतं? बाहेरच्या खोलीत तिचं म्हातारपण पाय पसरून बसलं होतं आणि टीव्ही बघत होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने मदत म्हणून तिचं अगदी पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग पाठवलं, न कापलेलं, जसंच्या तसं. ऐका आणि तशा बोला. ती काळा डबा लावून, दार ओढून बसली.

आधी खरखर. मग एक आवाज, माणसाचा, पण चिरका, लगबगीचा, शाळेच्या नाटकात म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या पोरासारखा: "हं, हिरवा लागला. बोल आता. पंखा बंद केलाय का? केलाय. बोल."

हा कोण? त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं. पंखा कुणी बंद केला होता? तिला आठवलं आणि तिने तोंडावर हात दाबला. हसू रजयांत मुरत गेलं, डोळ्यांत पाणी आलं. हे! हे, आमचे साहेब! तिने परत लावलं, परत हसली. मागून ती तरतरीत मुलगी मजले मोजत होती.

आणि मग हसता हसता ती थांबली. त्यांचा आवाज असा कधीच नव्हता. लग्नाच्या दिवशीही नव्हता. मग त्यांच्यामागून बोलणाऱ्या मुलीचा तरी होता का?

दुकानदाराने ती फाइल ऐकली आणि घरात आधी काय व्यवस्था होती ते विचारलं. सीडी प्लेअरचं नाव निघताच त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो वहिनी, सीडी चालते चव्वेचाळीस हजारांच्या तालावर. तुमच्या कार्डाने सेकंदाचे तेवढेच काप केले. पण कॉम्प्युटरला सांगितलं होतं अठ्ठेचाळीस हजार, म्हणून त्याने पाटी लावली अठ्ठेचाळीसची. आता जग ती पाटी वाचून वाजवणार. म्हणजे घाईघाईने वाजवणार. आवाज चढणार, माणूस पळणार."

"पण घरी तर बरोबर वाजायचं."

"घरी वाजवतानाही ताल त्याच सीडीचा! ज्या मापाने घेतलं त्याच मापाने दिलं. तुमच्या घरात ती चूक दिसायला जागाच नव्हती."

ती काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे माझा आवाज उतरला नाही."

"चढलाच नव्हता तर उतरेल कुठून?"

घरी जाताना आतून ती मोठमोठ्याने बोलत होती. गुळण्यांचं सगळं मीठ, बँकेतला तो उसना सूर, त्या मुलीने आईचा ओढलेला हात. ती जी गेली म्हणून हिने शोक केला, ती कधी जन्मलीच नव्हती. वायरीतून झाली होती.

इंजिनिअरला तिने सगळं नीट समजावून सांगितलं. "तर आता सगळं परत घेऊ या. पहिल्यापासून. माझ्या आवाजात."

त्याने आवाज खाली आणला. "ताई, मला सांगितलंत ते सांगितलंत. वर कुणाला सांगू नका."

"का?"

"किती लिफ्टमध्ये आहे तो आवाज! सगळ्या बदलायच्या? लोक ओळखतात त्या आवाजाला."

"आणि मला?"

"तुम्हाला कसे ओळखतील? तुम्ही दिसता कुठे?" मग तो ओशाळला असावा. "म्हणजे तसं नव्हे. पण ताई, जुन्याशी जुळलं नाही तर वरचे म्हणतील, बाईच नको, मशीनचा आवाज घाला. मग आहेत तेही काढतील. मला ते नकोय. तुम्हाला हवंय का?"

तिला काय हवंय हे तिला कुणी फार वर्षांनी विचारलं होतं, आणि तेही असं की उत्तर देता येऊ नये.

नवऱ्याला तिने हेडफोन दिला नाही. स्पीकरवरच लावलं. चिरका आवाज खोलीभर झाला.

"कोण हा पोरगा?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"काहीतरीच. मशीन बिघडलंय तुझं."

"बिघडलंयच. पहिल्या दिवसापासून."

ते दुरुस्तीवाले होते. त्यांना फार सांगावं लागलं नाही. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सीडी प्लेअरकडे, आणि मग वायर जिथून निघते तिथून जिथे पोचते तिथपर्यंत नजर फिरवली. उठून सवयीने चालू ठेवलेला प्लेअर बंद केला, दिवा विझला तरी बटणावरचं बोट काढलं नाही.

"इतकी वर्षं म्हणालात, आवाज उतरलाय," ती म्हणाली.

"ऐकू येत होतं ते सांगत होतो. लिफ्टमध्ये एक, घरात एक. कान खोटं बोलला नाही माझा."

"कान बोललाच नाही. तुम्ही बोललात."

"लोकांना आवडला ना पण आवाज?" ते म्हणाले. त्यांचा तो विहिरीसारखा आवाज आता तळाला टेकला होता. "मग झालं तर."

त्यांनी माफी मागितली नाही. माफी मागण्याची त्यांची पद्धत तिला दुसऱ्या दिवशी दुपारी कळली. ती कपाटाकडे गेली तर राखाडी डबा जोडलेला होता. त्याच्या पाठीतून निघालेली वायर सीडी प्लेअरला गेली होती. वाटेतल्या सगळ्या वायरी एकसारख्या अंतरावर दोऱ्याने बांधलेल्या, दुकानात बांधायचे तशा. हिरवा दिवा लागला होता. त्यांनी ती चूक तिच्यासाठी पुन्हा करून ठेवली होती, जितकी नीट करता येईल तितकी नीट. काळा डबा खोक्यात परत घालून, खोक्याला चिकटपट्टी लावून दाराशी ठेवला होता.

दुकानदाराला तिने फोन केला. दुसरा काही उपाय आहे का?

"कॉम्प्युटरमध्येही आवाज चढवता येतो की. पण दर वेळी सगळं घेऊन माझ्याकडे या, मी चढवून देईन. नाहीतर राखाडी ठेवा, ती चूक तो आपोआप करत राहील."

दर वेळी एका परक्या माणसाच्या हाती आपला आवाज पिळायला द्यायचा, हे काही तिच्याने होणार नव्हतं. तिने हिरव्या दिव्याकडे पाहिलं आणि आत गेली. तळघर एक. तळघर दोन. शस्त्रक्रिया विभाग. प्रत्येक शब्द बोलताना तिला ठाऊक होतं की तो इथून निघून वाटेत तरुण होणार आहे.

अडकलेल्यांचं वाक्य तेवढं तिने वगळलं. बाहेर आली, खोक्याची चिकटपट्टी फाडली, काळा डबा जोडला आणि ते वाक्य त्यावर घेतलं. ते एकटंच वाजणार होतं, जुन्या तुकड्यांना जोडायचं नव्हतं. बंद पेटीत, काळोखात, दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळणाऱ्या माणसाला तरी खरं कुणी भेटू दे.

इंजिनिअर खूश झाला. "झकास, ताई! अगदी तुम्ही! फक्त ते शेवटचं वाक्य कुणी दिलंय?"

"मीच."

"नाही चालणार हो. माणूस आधीच घाबरलेला. रोजची बाई गप्प झाली आणि कुणी दुसरीच बोलायला लागली तर तो विचारेल, हिचं काय झालं?"

हे बरोबर होतं. रोजची बाई ती नव्हती.

शनिवार उजाडला. तिने राखाडी डबा चालू केला, दिवा लागला, दार ओढलं. या वेळी ती घाईला विरोध करत बोलली. ज्या मापाने डबा तिला पळवणार, त्या मापाने तिने स्वतःला मागे ओढलं. सूर खाली, आणखी खाली, जिथे आवाजाला तळ लागतो तिथे. अक्षरं एकमेकांपासून सुटी करत, एकेक पाय चिखलातून काढल्यासारखी. लि-फ्ट थां-ब-ली आ-हे. फाइल मोबाइलवर घेऊन ऐकली. पळत होती. परत आत. परत बाहेर. तासभर ती त्या कपाटात स्वतःला लांबवत राहिली. शेवटी मोबाइलमधून जे आलं त्यात लिफ्टमधली मुलगीच बोलत होती, रंग तिचाच होता, पण चाल हिची होती. घाबरू नका, असं ती म्हणाली तेव्हा घाबरू नये असं वाटलं.

इंजिनिअरचं उत्तर लगेच आलं. हेच हवं होतं, कसं जमवलंत?

काळा डबा तिने दुकानात नेऊन दिला. दुकानदार म्हणाला, "हा ठेवायला हवा होतात. हा चुकू देत नाही."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की शब्द अजून खालून आणि लांबून येताहेत. जीभ त्या चालीवरून परत आली नव्हती.

घरी नवरा गॅलरीत उभा होता. जिना चढून आलेल्या तिला त्यांनी विचारलं, "झालं का?"

"हो... झालं."

"पसंत पडलं?"

"पडलं... काळजी करू नका."

ते वळून बघायला लागले. "अशी काय बोलतेस? बरं वाटत नाही का?"

"अडकलेल्या माणसाशी असंच बोलावं लागतं," ती तितक्याच सावकाश म्हणाली.

त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, कोण अडकलंय म्हणून असेल कदाचित, आणि न विचारताच मिटलं. तिच्या हातातली रिकामी पिशवी त्यांनी घेतली. ती आत जाऊन झोपायच्या खोलीतल्या खुर्चीवर बसली, आपला नेहमीचा वेग परत यायची वाट बघत.